परतीच्या लहरी

बुधवारी रात्री आठ वाजता घरात रेडिओ सिलोन लागायचे. व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ, वर क्रोशाचे झाकण, खिडकीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल. अमीन सयानींचा आवाज कोलंबोहून यायचा आणि ऐन रंगात बुडायचा. आम्ही मुले बटणाकडे धावलो की आजोबा म्हणत, "अरे, हात लावू नकोस, येईल आपोआप." आणि खरेच, दोन ओळी गिळून गाणे पुन्हा वर यायचे.

हे बुडणे-तरंगणे का होते, ते पुढे भौतिकशास्त्र शिकताना कळले. पण तेव्हाही एका गोष्टीकडे लक्ष गेले नव्हते. कोलंबोहून निघालेली लघुलहर आभाळातल्या एका थरावरून वळून आमच्या छपरावर उतरत होती. ती काही फक्त एरियलसाठी आलेली नव्हती. तीच लहर आसपासच्या शेतांवर, डोंगरांवर, गावांच्या पत्र्यांवर आदळून चहूकडे विखुरत होती. त्या विखुरण्यातला एक अतिशय क्षीण भाग आल्या वाटेने पुन्हा आभाळात चढून, पुन्हा वळून कोलंबोला परत जात होता. तिथे तो ऐकायला कोणी बसलेले नव्हते. इतरत्र मात्र असे परतलेले अंश टिपायला माणसे बसली होती, आणि ते कुठून येतात यावरून त्यांच्यात पंचवीस वर्षे मतभेद चालले होते.

सुरुवात होते एका अशक्य वाटणाऱ्या घटनेपासून. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगाला बांधून वर चढवलेल्या तारेच्या मदतीने, मार्कोनी यांना तीन टिंबांचा संकेत ऐकू आला. तो निघाला होता इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्धू इथून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरून. लहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. मग एवढी वक्रता ओलांडून ती पोचली कशी? १९०२ साली दोन माणसांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले: वर हवेत वीज वाहून नेणारा थर असला पाहिजे. त्यातले एक इंग्लंडचे ऑलिव्हर हेविसाइड. दुसरे आर्थर केनेली, आणि त्यांचा जन्म १८६१ साली आपल्या कुलाब्यातला. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या केनेलींनी थराची उंचीही अंदाजाने सांगितली, सुमारे ८० किलोमीटर. ज्या कुलाब्यात ते जन्मले, तिथल्या वेधशाळेत त्या वेळी चुंबकसूचीच्या हालचाली नोंदल्या जात होत्या. सूचीचे रोजचे बारीक डोलणे वरच्या हवेतल्या विद्युतप्रवाहांमुळे असावे, असे बालफोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्येच सुचवले होते. म्हणजे त्या थराची खूण कुलाब्याच्या नोंदवह्यांत आधीपासूनच उमटत होती. फक्त ती वाचायची कशी हे कोणाला ठाऊक नव्हते.

थर आहे हे सिद्ध व्हायला आणखी बावीस वर्षे लागली, आणि ज्या गोष्टीने ते सिद्ध झाले ती म्हणजे आजोबांचे "येईल आपोआप". ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राचे कार्यक्रम संपल्यावर एडवर्ड अ‍ॅपल्टन आणि माइल्स बार्नेट यांनी ते केंद्र प्रयोगासाठी वापरले. ग्राहकयंत्र ऑक्सफर्डला. तिथे दोन वाटांनी लहर येत होती: एक जमिनीलगत, दुसरी वरून वळून. दोन्हींचे चढ-उतार जुळले की आवाज वाढणार, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला की आवाज बुडणार. अ‍ॅपल्टननी तरंगलांबी सावकाश बदलत नेली आणि आवाज किती वेळा बुडतो ते मोजले. त्या मोजणीवरून दोन वाटांतला फरक निघाला आणि फरकावरून थराची उंची, साधारण ९० किलोमीटर. ज्याला श्रोते कटकट म्हणत, त्याचीच अ‍ॅपल्टननी मोजपट्टी केली. पुढे त्यांना आणखी वरचा थर सापडला. खालच्याला त्यांनी ई म्हटले, वरच्याला एफ. १९४७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

उंची मोजण्याची दुसरी रीत अमेरिकेतल्या ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव्ह यांनी १९२५ साली शोधली. सलग लहर सोडण्याऐवजी त्यांनी तिचे तुकडे केले. एक ठोका सोडायचा, थांबायचे, परत येतो का ते पाहायचे. एक मिलिसेकंदाने प्रतिध्वनी आला तर लहर १५० किलोमीटर वर जाऊन तेवढेच खाली आली. विहिरीत खडा टाकून "डुबुक" कधी ऐकू येते यावरून पाण्याची खोली जोखावी, तशी ही रीत. पुढच्या बहुतेक रडारांचे मूळ या ठोक्यांत आहे.

हे विज्ञान प्रयोगशाळेत चालू असतानाच धंदा पुढे निघून गेला होता. लघुलहरी थोड्या शक्तीत जगभर जातात हे कळल्यावर ब्रिटिश साम्राज्याने बीम सेवा उभारली. १९२७ साली ती भारताशी जोडली गेली. आपल्याकडचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. समोर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी आणि स्केगनेस. लहरींचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा एका दिशेने फेकायचा, तो आभाळ आणि जमीन यांच्यात टप्पे खात खात समुद्र-देश ओलांडणार.

अशा झोताला एक मूक पट्टा असतो. केंद्राच्या अगदी जवळ जमिनीलगतची लहर ऐकू येते. पुढे शेकडो किलोमीटर काहीच नाही. मग जिथे वरून वळलेली लहर पहिला टप्पा खाते तिथून पुन्हा आवाज सुरू. निदान तसे पुस्तक सांगत होते. प्रत्यक्षात मूक पट्ट्यातही अस्पष्ट, थरथरता आवाज ऐकू येई. मार्कोनी कंपनीतल्या थॉमस एकर्सली यांनी दिशा शोधणारे यंत्र लावून पाहिले, तर ते आवाज केंद्राच्या दिशेने येतच नव्हते. झोत ज्या दिशेला फेकला होता, त्या दिशेकडून ते येत होते. अंधारात माणसाच्या हातातली बॅटरी दिसू नये, पण समोरची भिंत उजळलेली दिसावी, तसे. तर ती भिंत कोणती? एकर्सलींचे मत पडले की ई थरातल्या उंचसखलपणावर लहर विखुरते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत टेलर आणि यंग यांना असेच उशिरा येणारे प्रतिध्वनी सापडले होते. १९२२ मध्ये पोटोमॅक नदीतून जाणाऱ्या जहाजाने रेडिओसंकेत विस्कटतो हे टिपणारे हेच दोघे. त्यांचा कल दूरच्या जमिनीकडे होता. एकर्सलींचे नाव मोठे, त्यांचे गणित भक्कम. म्हणून ई थराचे मत बराच काळ टिकले.

दुसऱ्या महायुद्धात हा वाद बाजूला पडला, पण परतीच्या लहरींनी स्वतःची आठवण करून दिली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची चेन होम रडारे सेकंदाला २५ ठोके सोडत. दोन ठोक्यांमधल्या चाळीस मिलिसेकंदांत लहर सहा हजार किलोमीटर जाऊन परत येऊ शकते. त्याहून दूरचा प्रतिध्वनी पुढच्या ठोक्यानंतर पोचायचा आणि पडद्यावर जवळच्या विमानासारखा उमटायचा. ठोके निम्म्यावर, साडेबारावर आणण्याची सोय त्यासाठी ठेवलेली होती. जीव मुठीत धरून पडद्यासमोर बसणाऱ्या तरुण मुलींना या खोट्या खुणा ओळखाव्या लागत. त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ उपद्रव होता, आणि त्या परिस्थितीत दुसरे काही वाटणे शक्यही नव्हते.

उलगडा झाला १९५१ च्या सुमारास. जर्मनीत लिंडाऊ इथे वाल्टर डिमिंगर आणि स्टॅनफर्डमध्ये अ‍ॅलन पीटरसन एकाच निष्कर्षाला आले. युक्तिवाद सुंदर आहे. कंप्रता वाढवत नेली की पहिला टप्पा दूर सरकतो. परतीचा प्रतिध्वनी जमिनीवरून येत असेल तर त्याची सुरुवातही त्याच प्रमाणात उशिरा व्हायला हवी. ती तशीच होत होती. शिवाय टप्प्याच्या कडेला निरनिराळ्या कोनांतून निघालेले अनेक किरण जवळजवळ एकाच वेळी पोचतात, म्हणून प्रतिध्वनी हळूहळू न उगवता भिंतीसारखा एकदम उभा राहतो. पडद्यावर दिसणारी ती उभी कड जमिनीच्या गणिताशी तंतोतंत जुळली. ती न दिसणारी भिंत ई थर नव्हती. झोत हजारो किलोमीटरवरच्या शेतजमिनीला, डोंगराला, समुद्राला शिवून येत होता.

पीटरसन यांचे सहकारी ऑस्वाल्ड व्हिलार्ड हे स्वतः हौशी रेडिओवाले. त्यांना यातला उपयोग लगेच दिसला: कोणाशी आत्ता संपर्क होऊ शकेल हे विचारायला दूरच्या माणसाची गरजच नाही. ठोका सोडा, ज्या अंतरावरून जमीन उत्तर देते, तिथपर्यंत तुमचा आवाज पोचतो आहे.

जमीन उत्तर देते, तर समुद्र काय म्हणतो? याचे उत्तर १९५५ साली न्यूझीलंडच्या डग्लस क्रोंबी यांनी नेचर नियतकालिकातल्या एका छोट्या टिपणात दिले. मला या सगळ्या इतिहासातले ते सर्वांत लाडके पान वाटते. त्यांची कंप्रता होती १३.५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे २२ मीटर. समुद्रावरून परतलेल्या लहरीची कंप्रता किंचित सरकलेली होती, एका सेकंदात ०.३८ कंपनांच्या आसपास, आणि समुद्र शांत असो वा खवळलेला, हा आकडा जवळजवळ ढळत नव्हता. समुद्रावर तर बोटभर तरंगांपासून डोंगराएवढ्या लाटांपर्यंत सगळेच असते. मग एकच आकडा का? क्रोंबींनी ताडले की लहर त्या गर्दीतून फक्त एकाच मापाच्या लाटा निवडते: ज्यांच्यातले अंतर रेडिओलहरीच्या तरंगलांबीच्या निम्मे, म्हणजे ११ मीटर आहे. अशा लागोपाठच्या लाटांवरून परतलेले भाग एकमेकांच्या पावलात पाऊल टाकून येतात. बाकीच्या लाटांचे परस्परांना खोडून टाकतात. खोल पाण्यात ११ मीटरची लाट सेकंदाला ४.१५ मीटरच्या आसपास वेगाने चालते. तो वेग सूत्रात घातला की नेमका तोच सरकलेला आकडा येतो. वही-पेन्सिल घेऊन कोणीही हा हिशेब दहा मिनिटांत करू शकतो. या आकड्यातही जो बारीकसा फरक उरतो, तो पाण्याच्या प्रवाहाचा. आज गुजरात, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर समुद्रप्रवाह मोजणारी रडारे याच तत्त्वावर चालतात.

लष्कराला मात्र जमीन किंवा समुद्र नको होता. त्याला विमाने आणि क्षेपणास्त्रे हवी होती. साधे रडार क्षितिजापाशी थांबते. दहा किलोमीटर उंचीवरचे विमानही चारशे-सव्वाचारशे किलोमीटरपलीकडे गेले की पृथ्वीच्या पाठीआड जाते. आभाळावरून टप्पा देऊन पाहिले तर तीन हजार किलोमीटरपर्यंत नजर जाईल, पण तिथे विमानाचा प्रतिध्वनी जमिनीच्या प्रतिध्वनीत गडप होणार. जत्रेच्या गर्दीत हरवलेल्या पोराची हाक ऐकण्यासारखे ते काम. सुटका एकाच गोष्टीत होती: जमीन हलत नाही, विमान हलते. १५ मेगाहर्ट्झच्या लहरीवर ताशी ९०० किलोमीटरने येणारे विमान कंप्रता सुमारे २५ हर्ट्झने सरकवते. दीड कोटीत पंचवीस! हा फरक ओळखायचा तर प्रतिध्वनी काही सेकंद साठवून, एकावर एक ठेवून तपासायला हवेत. अमेरिकन नौदल प्रयोगशाळेने त्यासाठी फिरत्या चुंबकीय ढोलावर ते नोंदवले. त्या ढोलावरूनच रडाराला माद्रे हे नाव पडले. मेरिलंडमध्ये चेसापीक उपसागराच्या काठी १९६१ मध्ये ते सुरू झाले आणि अटलांटिकवरची विमाने क्षितिजापलीकडून दिसू लागली.

या यशाने हिंमत वाढली. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावर ऑर्फर्डनेस नावाची गोट्या-खड्यांची लांब जीभ समुद्रात गेली आहे. तिथे अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून कोब्रा मिस्ट हे प्रचंड रडार उभारले. पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या १८ अँटेनारांगा, त्यातून पूर्व युरोप आणि पश्चिम रशियाकडे नजर. १९७१ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. जमिनीच्या प्रतिध्वनीपेक्षा किमान दहा कोटी पटींनी क्षीण खूण दिसेल असा आराखडा होता. प्रत्यक्षात दहा लाख ते एक कोटी पटींच्या पुढे एका गोंगाटाने सगळे झाकले जाई. गोंगाट यायचा तो जिथून जमिनीचा प्रतिध्वनी येतो तेवढ्याच अंतरांवरून, आणि समुद्रावर नाही, जमिनीवरच. यंत्र आतून तपासले. तारा, जोड, प्रक्षेपक, ग्राहक, सगळे. रशिया मुद्दाम व्यत्यय आणत असेल का, याचाही विचार झाला. आयनांबरात, म्हणजे त्या वरच्या विद्युतवाहक थरांत, अजून माहीत नसलेले काही घडते आहे का, तेही पाहिले. १९७३ च्या सुरुवातीला नेमलेल्या तज्ज्ञ समितीने महिनोन् महिने घालवले आणि उगम सापडला नाही. ३० जून १९७३ ला कोब्रा मिस्ट बंद झाले.

मला या प्रकरणात पराभवापेक्षा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. कोट्यवधी डॉलर घातलेल्या यंत्राबद्दल, 'आम्हाला कारण कळले नाही' असे लिहून ठेवणे सोपे नसते. पुढे त्याच जागेवरून बीबीसीच्या जागतिक सेवेचे कार्यक्रम प्रक्षेपित होत राहिले.

सोव्हिएत रशियानेही असाच प्रयत्न करून पाहिला. जुलै १९७६ मध्ये जगभरच्या लघुलहरींवर सेकंदाला दहा ठोक्यांची टकटक सुरू झाली. विमानांच्या, जहाजांच्या, हौशी लोकांच्या संभाषणावर ती पडायची. ऐकणाऱ्यांनी तिला सुतारपक्षी म्हटले. हे होते दुगा रडार. त्याची सुमारे दीडशे मीटर उंचीची अँटेना-भिंत चेर्नोबिलजवळच्या जंगलात अजून उभी आहे. दुगाला अमेरिकेतून उडणारी क्षेपणास्त्रे पाहायची होती, आणि तिकडची जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. तिथे आयनांबर कधी स्वस्थ नसते. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात तेच आयनांबर लहर विखुरते आणि पडदा भरून टाकते. १९८९ पर्यंत टकटक थांबली.

दुगाची अडचण हाच इतरांचा विषय होता. आयनांबरातला विखुरणारा भाग ही १९३८ पासूनची ओळखीची गोष्ट होती. त्या वर्षी बुकर आणि वेल्स यांनी पेरूमधल्या हुआंकायो इथल्या नोंदींवरून एफ थर रात्री स्वच्छ आरशासारखा न वागता पिंजलेल्या कापसासारखा का दिसतो याचे स्पष्टीकरण दिले होते. त्या थरातली दाट-विरळ रचना पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून लांबट होते. उन्हात धरलेली सतारीची तार जशी एकाच कोनातून चमकते, तशीच ही रचना: लहर त्या रेषांना काटकोनात भिडली तरच परत येते. ध्रुवाजवळ चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असतात. म्हणजे लहर तिथे आडवी पोचली पाहिजे. सरळ जाणारी अतिउच्च कंप्रतेची लहर तीनशे किलोमीटर उंचीवर आडवी होऊ शकत नाही. लघुलहर मात्र वाकत जाऊन आडवी होते. रे ग्रीनवाल्ड यांनी हे हेरले आणि १९८३ मध्ये कॅनडात लाब्राडोरच्या गूज बे इथे रडार उभारले. त्यातून सुपरडार्न हे जाळे वाढले. आज दोन्ही गोलार्धांत मिळून तीसहून अधिक रडारे त्यात आहेत.

सुपरडार्नच्या पडद्यावर दोन्ही परतीच्या लहरी शेजारी-शेजारी दिसतात. आयनांबरातून आलेली सेकंदाला शेकडो मीटर वेगाची असते आणि तिचा वर्णपट पसरलेला असतो. जमिनीवरून आलेली जवळजवळ स्थिर आणि रेखीव. सुरुवातीला संशोधक जमिनीचा भाग गाळून टाकत. मग कोणाच्या तरी लक्षात आले की ही 'स्थिर' जमीन पडद्यावर हळूहळू मागे-पुढे सरकते आहे. जमीन तर जागची हलत नाही. हलते आहे ते वरचे आयनांबर, आणि त्याच्याबरोबर टप्पा. एकर्सलींना जी भिंत जागेवर ठेवता आली नव्हती, तिच्या हलण्यावरून आता आभाळातल्या प्रचंड मंद लाटा मोजल्या जातात.

आपल्याकडे कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १.९८ मेगाहर्ट्झचे रडार चालवले. दीडशे मीटर लांबीची ही लहर साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरच्या विरळ आयनांवरून अंशतः परतते आणि तिथले वारे सांगते. केनेलींनी अंदाजाने जी उंची सांगितली होती, साधारण तिथलेच हे वारे. संस्था मूळची कुलाबा वेधशाळेचीच पुढची पिढी.

१५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातला हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला. त्याची दाबलहर हवेतून जगभर फिरली. ती जपानला पोचण्याच्या सुमारे तीन तास आधीच जपानवरच्या आयनांबरात लाटा उठल्या, आणि होक्काइडोच्या सुपरडार्न रडारांनी तिथला प्लाझ्मा वरखाली होताना टिपला. हवेतली दाबलहर अजून आलेली नव्हती. दक्षिण गोलार्धात ऑस्ट्रेलियाकडच्या आभाळाला बसलेला हादरा चुंबकीय रेषांवरून उत्तरेला येऊन पोचला होता.